अठ्ठावन्न किलोची न्यार साक्वा

दवाखान्याच्या नोंदीत तुमचं जे वजन लिहिलंय, ते तुमचंच आहे याची खात्री आहे तुम्हाला? वाचलंय कधी? नाही ना. न्यार साक्वानेही वाचलं नव्हतं.

मिल्ड्रेड अडोयो सरोवराकाठच्या एका सरकारी दवाखान्यातली नर्स. एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांचा विभाग तिच्याकडे. रोज नव्वद माणसं, नर्स एक, कॉम्प्युटर एक. आधी कागदाच्या फायली होत्या. मग वरून हुकूम आला: सगळं कॉम्प्युटरवर, त्याच दिवशी, एकही रकाना रिकामा नको. शिकवायला म्हणून एक साहेब आला, सोडा प्यायला, फोटो काढून गेला. अडोयो आपली आपण शिकली, किसुमू शहरातल्या सायबर कॅफेत रविवार घालवून. माउसला हात लावायचाच नाही. एका बटणाने पुढचा रकाना, दुसऱ्याने गोळ्यांची यादी. आणि कंट्रोल-डी! ही दोन बटणं एकदम दाबली की मागच्या भेटीत लिहिलेलं सगळं आजच्या तारखेला जसंच्या तसं उतरायचं. जे बदललं असेल तेवढंच मग बदलायचं.

अकरा मिनिटांचा पेशंट चार मिनिटांवर आला. बाकावर उपाशी ताटकळणाऱ्या बाया उजेडी घरी पोचू लागल्या. तालुक्याच्या बैठकीत अडोयोला उभं करून सगळ्यांनी एका ठेक्यात, मोजून टाळ्या दिल्या; इथे त्यांना ‘किलोच्या टाळ्या’ म्हणतात. आणखी पाच दवाखान्यांतल्या नर्सांना ती बटणं तिनेच शिकवली. अभिमान वाटला तिला. का वाटू नये?

जे बदललं असेल तेवढंच. पण काय बदललं ते बघायला चार मिनिटांत वेळ कुठला?

न्यार साक्वा बाजारात ओमेना विकायची, बोटाएवढी सुकी मासळी. नाव रोझमेरी, पण लग्न होऊन आलेल्या बाईला इथे माहेरच्या गावावरूनच हाक मारतात: न्यार साक्वा, साक्वाची लेक. वजनकाटा दाराबाहेर, त्याची रांग वेगळी. ती रांग न्यार साक्वा चुकवायची.

“माझं काय वजन करतेस सिस्टर, मासळीचं कर. दोन पैसे तरी सुटतील.”

अडोयो हसायची. कंट्रोल-डी.

असे सात महिने. त्या सात महिन्यांत न्यार साक्वाच्या अंगावर एकावर एक तीन झगे आणि वर स्वेटर चढला. बाई बारीक झाली की बाजारात कुजबुज सुरू होते, आणि कुजबुज झाली की तिच्या पाटीतली मासळी कोणी घेत नाही. ती लपवत होती, आणि कॉम्प्युटर तिला साथ देत होता.

आठव्या महिन्यात एका मोटारसायकलवाल्याने तिला धरून आत आणलं. खोकून खोकून तिला बोलवेना. स्वेटर उतरला, झगे उतरले. काटा म्हणाला एकेचाळीस. स्क्रीनवर अठ्ठावन्न. अडोयोने एकेचाळीस टाइप केलं, तर मशीन आकडा घेईचना: फरक फार आहे, पुन्हा तपासा.

अडोयो तिला घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात गेली. क्षयाच्या वॉर्डात खाट रिकामी होती एक. तिथल्या ओगोला नावाच्या डॉक्टरच्या स्क्रीनवरही तीच नोंद उघडली, आणि तो तिच्यावरून नजर हलवेना.

“सात महिने अठ्ठावन्न. खोकला नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित. आणि आज एकेचाळीस? काटा बिघडलाय तुमचा.”

“अहो, बाई समोर बसलीय! तिच्याकडे बघा ना!”

“बघितलं. बाहेर अशा सहा बसल्यात. खाट नोंदीवर मिळते, सिस्टर. घट दाखवा.”

“घट आहे. मी लिहिली नाही.”

आता त्याने मान वर केली. “मग लिहिलंत काय?”

“मागचंच. बटण दाबून.”

“हे लेखी दिलंत तर तुमच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतील. तुम्ही शिकवलंत त्यांच्याही. नोकरी जाईल.”

“द्या इकडे कागद.”

तिने लिहून दिलं. कागद इस्पितळाच्या मोठ्या साहेबांच्या सहीला गेला, आणि मोठे साहेब प्रशिक्षणाला गेलेले. दोघी बाकावर बसून राहिल्या.

“काय लिहिलं होतंस गं माझ्याबद्दल? वाच तरी,” न्यार साक्वा म्हणाली.

अडोयोने वाचलं. तक्रार नाही. भूक चांगली. वजन अठ्ठावन्न.

न्यार साक्वा हसली, हसता हसता खोकली. “बाई झकास आहे की! तिला म्हणावं, चार दिवस माझ्या पाटीवर बस.”

सही तिसऱ्या दिवशी झाली. खाटेवर न्यार साक्वा दोन दिवस होती. मग नव्हती.

अडोयोची नोकरी गेली नाही. तिच्या जागी यायला होतं कोण? भिंतीवर सूचना लागली: वजन प्रत्यक्ष करून लिहावे. पुढचा आठवडाभर तिने एकेकाला स्वतः काट्यावर उभं केलं. रोज पाच वाजता चाळीस माणसं गोळ्यांविना परत गेली. त्यांतली काही दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. दुसरी नर्स मागितली, तर वरून उत्तर आलं की तुमचा दवाखाना वेगात तालुक्यात पहिला आहे, गरज दिसत नाही.

सोमवारी तिची बोटं पुन्हा त्या दोन बटणांवर गेली. आजही जातात. दर वेळी तिला अठ्ठावन्न आठवतं, आणि तरी ती दाबते.

म्हणून मागणं तुमच्याकडे आहे. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलात की स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा, आणि तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते मोठ्याने वाचून घ्या. मागची रांग ओरडली तरी उठू नका.