बाबलकाकांची पाठ

मुलगा वारल्याची तार बापाच्या हातात पडली आणि ट्रायलला बसलेले लोक हसायला लागले.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. अंधेरीच्या एका स्टुडिओत मी एडिटर होतो. ट्रायल म्हणजे सिनेमा थेटरात लागण्याआधी वीस-पंचवीस ओळखीच्यांना दाखवून बघायचा. तारेत हसण्यासारखं काहीच नव्हतं. ती वाचणारे बाबलकाका होते, एवढंच.

बाबलकाका मालवणकडचे, गिरणी सोडून सिनेमात आलेले. आचारी, न्हावी, बेवडा, घरजावई, एकदा तर साडी नेसून विहीणबाई, सगळं करून झालं होतं. काम कुठलंही असो, शेवटी कुणीतरी त्यांच्या थोबाडीत मारायचं. म्हणून काकी त्यांचा एकही सिनेमा बघत नसत. नवऱ्याला मार खाताना काय बघायचं, म्हणायच्या. हा पहिला गंभीर सीन मिळाला तेव्हा काकांनी शब्द दिला होता, या वेळी तुला नेणार.

प्रोड्यूसर भडकले. "काढून टाक तो सीन. पिक्चरची वाट लागेल."

"मग मुलगा गेल्याचं दुःख दिसणार कसं?"

"मग नुसतं त्याचं थोबाड काढ. काय करायचं ते कर, शुक्रवारच्या आत."

मी ते रीळ मूव्हिओलावर दहादा चालवलं. मूव्हिओला म्हणजे फिल्म पुढेमागे करून बघायचं आमचं मशीन. काकांनी काम उत्तम केलं होतं. पण त्यांचे ओठ थरथरले की मलाच पुढची थोबाडीत आठवायची. माझी मलाच लाज वाटली.

मग एन.जी.चे डबे उपसले. एन.जी. म्हणजे बाद झालेले शॉट. पिक्चर लागेपर्यंत आम्ही ते फेकत नाही. एका शॉटमध्ये कॅमेरा काकांच्या मागे होता, लाइट चुकला म्हणून बाद केलेला. काका दोरीवरचा मुलाचा शर्ट काढून घडी घालतात. घडी जमत नाही. पुन्हा घालतात. नुसती पाठ. तार हातात पडते, नुसता हातच दिसतो, तिथून मी थेट त्या पाठीवर कट मारला. आवाज ओळखूनही लोक हसले असते, म्हणून काकांचं एकुलतं एक वाक्यही काढलं.

दुसऱ्या ट्रायलला लोक चिडीचूप. एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. "झकास!" प्रोड्यूसर म्हणाले.

काकांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांना स्टुलावर बसवून मी रीळ दाखवलं.

"माजा तोंड खंय गेला?"

"काढावं लागलं, काका."

"लोक हसले?"

मी मान डोलावली.

"मी खरा रडलंय रे." त्यांनी पुन्हा मशीनकडे बघितलं. "आता हसनत नाय मां?"

"नाही. रडतात."

"मग ऱ्हवांदे."

खाली पडलेला क्लोजअपचा तुकडा त्यांनी उचलला, उजेडात धरून बघितला आणि टेबलावर ठेवला. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विलेपार्ल्याला सिनेमा लागला तेव्हा काका काकींना घेऊन आले. मी मागच्याच रांगेत होतो. शर्टाची घडी सुरू झाली तशी थेटरात मुसमुस ऐकू यायला लागली. काकी हळूच म्हणाल्या, "ही पाठ तुमची."

बाहेर पडताना एक गृहस्थ अजून रुमालाने डोळे टिपत होते. काकांवर नजर गेली आणि ते खो खो हसत बायकोला म्हणाले, "अगं, तो बघ, बेवडा!" काकांनी सवयीने तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. काकी न थांबता पुढे चालत गेल्या.

तसं काम काकांना पुन्हा मिळालं नाही. पाठ कुणाची, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढच्या पिक्चरमध्ये ते पिठाच्या पिंपात पडले.

कट लक्षात येऊ नये, तोच चांगला कट, असं मला शिकवलं होतं. माझा तो कट अख्ख्या थेटरात त्या दोघांनाच कळला.