लाल ठिपके

कारखान्यात त्यांना समोर सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की नापासकाका. तपासणी खात्यात अख्खी हयात गेलेली. आलेला प्रत्येक भाग पुसायचा, मोजायचा आणि केसभर चुकला तरी त्यावर लाल रंगाचा फटकारा मारून बाजूला टाकायचा. त्यांच्या ब्रशाला भले भले टरकून असत. निवृत्तीच्या समारंभात मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलंही होतं की, आता रंगाचा खर्च वाचला. गंमत म्हणजे, उभ्या आयुष्यात या गृहस्थांनी स्वतः एक खिळादेखील बनवलेला नव्हता.

तेच काका आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्याच मोटारीच्या रिकाम्या इंजिनासमोर स्टूल टाकून बसत, पण पान्याला हात लावत नसत.

मूळ होतं दवाखान्याच्या चढात. काकूंचे पाय आजाराने गेले, तेव्हा एका वेल्डरने गाडीची पुढची सीट दाराबाहेर फिरेल अशी करून दिली होती. तशी सीट दुसऱ्या गाडीत बसेना, त्यामुळे गाडी बदलायचा प्रश्नच नव्हता. पण चाकाची खुर्ची आणि ती उचलायचं लोखंडी धूड मागे लादल्यावर इंजिन पार मेटाकुटीला येई. मध्यंतरी एकदा भर चढावर गाडीने मान टाकली आणि ती मागे घसरायला लागली. काकांनी हँडब्रेक खेचला. मागचा टेम्पो अगदी नाकाशी येऊन थांबला. त्यानंतर काकू गाडीत बसल्या की दाराची मूठ घट्ट धरून ठेवत, आणि उपचाराचा दिवस आला की या खेपेला राहू दे, बरं वाटतंय, असं म्हणत. बरं वाटत नव्हतं, हे काकांना दिसत होतं.

एवढ्या ताकदीचं तयार इंजिन त्या गाडीला मिळत नव्हतं. ते बांधूनच घ्यायला हवं होतं. जुन्या ब्लॉकची भोकं मोठी करायची, मोठ्या गाडीचे पिस्टन घालायचे, दांडे नवे. गावात हे काम करावं ते बोरिंगवाल्याने. आणि इथेच माशी शिंकत होती. बोरिंगवाला पूर्वी त्याच कारखान्यात टर्नर होता. काकांनी त्याची कामं इतक्यांदा लाल केली की शेवटी कंटाळून त्याने नोकरी सोडली आणि स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तो म्हणाला, सगळं माझ्यावर सोपवा, पण माझ्या डोक्यावर उभं राहायचं नाही.

काकांची झोप उडाली. सोपवावं, तर याने जुनं मनात धरलं असेल तर? स्वतः बांधावं, तर मोजण्यापलीकडे हाताला सवय कशाची? बरं, स्वतः बांधलं तर ते तपासणार कोण? कारखान्यातला पहिला नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता: ज्याने केलं, त्याने तपासायचं नाही. जेवताना घास हातात धरून ते भिंतीकडे बघत बसत. काकू म्हणत, भाजीत काही नापास आहे का, सांगा तरी.

शेवटी त्यांनी अर्धवट मार्ग काढला. घासकाम बोरिंगवाल्याकडे करून घ्यायचं. जोडणी कुणी करायची ते नंतर बघू.

काम होऊन खोकं घरी आलं. काकांनी झाकण काढलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिस्टनला क्रँकशी जोडणारे चार दांडे आत होते आणि प्रत्येकावर लाल रंग लावलेला होता. दांड्यावरही आणि त्याच्या खालच्या तोंडाला बसणाऱ्या टोपीवरही. म्हणजे आता हा पठ्ठ्या आम्हाला टोमणे मारणार! काकांनी टोप्या सोडवल्या, रॉकेलचा डबा घेतला आणि लाल रंगाचा मागमूस राहणार नाही इतकं सगळं लख्ख घासलं. मग मांडी घालून मोजायला बसले. त्याच रागात त्यांचं ठरलंही. इंजिन आपणच बांधायचं.

मापं घेता घेता हात थांबला. दांडा आणि त्याची टोपी एकत्र आवळून, एकाच वेळी आतून गोल घासतात. त्यामुळे एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. कुठली कुणाची ते कळावं म्हणून खूण करतात. एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. काकांना लाल रंग दिसला होता. ठिपके किती, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

दोन जोड्या मापाने सापडल्या. उरलेल्या दोन कशाही लावल्या तरी गेज पास म्हणत होतं. दुसऱ्या कुणी हे चालवून घेतलं असतं. काकांच्या डोळ्यांसमोर तो चढ आला आणि दाराच्या मुठीवरची काकूंची बोटं.

दुसऱ्या दिवशी ते खोकं काखेत मारून वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. त्यांनी घडलं ते सांगितलं, रागाचंही सांगितलं. बोरिंगवाल्याने लख्ख दांडे उलटसुलट करून पाहिले.

"माझ्याकडे लालच डबा होता, साहेब," तो म्हणाला. "दुसरं काही मनात नव्हतं."

काकांना मान वर करवेना. दोन्ही दांडे पुन्हा घासावे लागणार होते. ते तुम्हीच बांधा, मला काही जमायचं नाही, असं ते कसंबसं म्हणाले. बोरिंगवाल्याने डोकं हलवलं.

"बांधा तुम्हीच. तपासायला मी येतो. ज्याने केलं त्याने तपासायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय ना?"

काकांनी बांधलं. एकेक बोल्ट आवळताना त्यांना घाम फुटे, आवळून झाला की शंका येई. रात्री अंथरुणावरही बोटं पाना फिरवल्यासारखी हलत. काकू हे बघत आणि कूस बदलत.

बोरिंगवाला आला तेव्हा काकूंची खुर्ची शेडच्या दाराशी होती. तो सावकाश हात धुऊन, चष्मा पुसून, ठरलेल्या जोराला कट्‌ वाजणारा पाना घेऊन बसला. काका पूर्वी जसे लोकांना ताटकळत ठेवत, अगदी तसाच वेळ लावत होता. पहिल्या दांड्याचे बोल्ट, कट्‌. दुसऱ्याचे, कट्‌. तिसऱ्याला पाना लावला तर बोल्ट हलला. चांगला पाव फेरा फिरला आणि मग कट्‌ झालं.

बोरिंगवाल्याने पाना खाली ठेवला. हा बोल्ट चढावर सुटला असता तर दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकांना आठवलं. तो आवळत असतानाच काकूंनी आतून पाणी मागितलं होतं. ते देऊन आले आणि पुढच्या बोल्टाला लागले.

"नापास," बोरिंगवाला हळूच म्हणाला.

काका स्टुलावर बसले. त्यांना वाटलं होतं, हा शब्द ऐकला की मेल्याहून मेल्यासारखं होईल. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि डोळे भरून आले. आपण एकटेच नाही आहोत, आपल्या हातावर दुसऱ्याची नजर आहे, याचं केवढं बरं वाटलं त्यांना.

"सगळे परत सैल करा," ते म्हणाले. "पहिल्यापासून आवळतो. मग तुम्ही पुन्हा बघा."

दाराशी काकूंनी चाकं फिरवून खुर्ची जरा आत घेतली.

"इंजिन झालं की सांगा," त्या म्हणाल्या. "आता बसेन मी."