घोरपडीच्या पंगतीला हैबतराव

वडखळच्या पुढे, खाडीच्या बांधाला खेटून एक गाव आहे. तिथलं पोर चालायच्या आधी मासा खायला शिकतं. अशा गावात हैबतरावानं पन्नाशीला तुळशीची माळ घातली आणि मासळी सोडली. सोडली ती गुपचूप नव्हे. पाटी घेऊन जाणाऱ्या पुतळी कोळणीला तो ओसरीवरून ओरडे, "लांबून जा गो, देवघर हाय इथं!" कालवणाची टोपं, सुक्या जवळ्याचा डबा, सगळं त्यानं घराबाहेर काढलं. बायकोच्या, विमलबाईच्या गळ्यात माळ नव्हती. पण चूल एकच, म्हणून तिचीही मासळी सुटली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दर बुधवारी मात्र हैबतराव एसटीनं रोह्याला जाई, तो थेट शनिवारी परते. तिथल्या भजनी मंडळाला पखवाज शिकवतो म्हणे. परत येताना त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलेलं असे, की विमलबाई मनात म्हणे, काय ही भक्ती!

शहाण्णव साली मुंबईच्या कॉलेजातली मृणाली गावात आली ती घोरपडींचा अभ्यास करायला. आपल्या कोंबड्या घोरपडीच खातात, अशी गावाची खात्री होती. मृणाली घोरपड पकडायची, नखाचं टोक कापून पाकिटात घालायची आणि जनावर सोडून द्यायची. लोक हसायचे. ती समजावायची, "कार्बन नि नायट्रोजन, दोन्हींत हलके आणि जड कण असतात. भाताच्या शेतात त्यांचं प्रमाण एक, खाडीच्या मासळीत दुसरं. जे खाल ते नखात उतरतं. गेल्या कित्येक महिन्यांचं जेवण यंत्र सांगतं."

ताडून बघायला तिला माणसांची नखंही हवी होती. मिठागरावरच्या कान्हूनं हात पुढे केला, "माझं घे. मासळीबिगर घास उतरत नाय मला."

नखावरून जेवण कळतं यावर हैबतरावाचा काडीचा विश्वास नव्हता. हे ऐकून तो उठला. गावचा जुना वीणेकरी नुकताच वारला होता, आणि सप्ताहात वीणा कुणाच्या गळ्यात पडणार हे ठरायचं होतं. ती वीणा हैबतरावाला हवी होती. इतकी, की आंघोळ करतानाही त्याचा डावा हात आपसूक खांद्याशी जाई. त्यानं भर देवळात सांगितलं, "माझं नख घे, पोरी. विमलचं पण घे. शुद्ध शाकाहार काय असतो ते बघू दे तुझ्या यंत्राला. आणि मंडळी, यंत्राचा निकाल येईपर्यंत वीणेचं ठरवू नका!"

मंडळींनी मान डोलावली. इतका मोठा फास माणसानं स्वतःच्या हातानं वळलेला त्या देवळानं पूर्वी पाहिला नसेल.

नखं परदेशी गेली. वर्षानं, सप्ताहाच्या तोंडावर मृणाली आली ती ओशाळलेली. देवळात सभा भरलीच होती.

"घोरपडी निर्दोष आहेत," ती म्हणाली. "त्या खाडीतले खेकडे आणि मासेच खातात. विमलकाकू अगदी शुद्ध शाकाहारी. फक्त हैबतकाका, तुमच्या पाकिटात माझ्या हातून दुसऱ्याच कुणाचं नख पडलं असणार. तुमचे आकडे घोरपडीला जाऊन मिळालेत."

"घोरपडीला?" कान्हू पुढे सरकला. "आन् माझे?"

"तुमचे जरा कमी आहेत."

देऊळ हसून गदगदलं. हैबतराव म्हणाला, "खाडीचं मीठ खातो आपण. तेच उतरलं असंल नखात."

"मिठात कार्बनही नसतो नि नायट्रोजनही नसतो, काका."

"दादा," कान्हू म्हणाला, "रोह्याच्या पखवाजाला पीठ लावता का सुरमय?"

मृणालीला वाटलं, चूक आपलीच आहे, तेव्हा ती भाबडेपणानं म्हणाली, "आपण नव्यानं तपासू. इथल्या सगळ्या माळकऱ्यांची नखं द्या, म्हणजे शंकाच नको."

हसणं एकदम थांबलं. कुणाचे हात धोतरात गेले, कुणाचे उपरण्याखाली. अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "यंत्राचं काय खरं! वीणा हैबतरावालाच द्या." आणि ठराव एकमतानं झाला. देवाधर्मात इतकी एकजूट त्या गावात क्वचितच होते.

वीणा मिळाली म्हणून हैबतराव तरंगत घरी आला. विमलबाई देवळातून आधीच येऊन ओसरीवर बसली होती. तिच्यासमोर पुतळीची पाटी आणि पाटीत खाजणातला हातभर लांब जिताडा.

"हे काय गो?"

"पाच वर्सं मी वरणात जवळा शोधते," विमलबाई मासळी उलटीपालटी करत म्हणाली. "तुमी दर बुधवारी पखवाज शिकवलात. बरं केलंत. आता रोह्याला जायचं नाय. मृणालीला सांगून ठेवलंय, दर साली यांचं नख ने म्हणून. वीणा गळ्यात हाय तोवर."

"अगो, पण—"

"वीणेचा मान हाय, आवो. गावानं दिलाय."

ते जेवायला बसले. तिखटाच्या लाल रश्शात जिताड्याची तुकडी तिच्या ताटात पडली, आणि त्याच्या ताटात वरण-भात, वर लिंबाची फोड. हैबतरावानं एकदा तिच्या ताटाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. दारात पुतळी उभी होती; पैसे घेऊन झाले तरी ती हलत नव्हती.

"जेवा की, वीणेकरी," विमलबाई म्हणाली, आणि काटा काढण्यात गढून गेली.