अप्पांचं ‘बघू’ आणि आमची ‘तरतरी’

आमच्या कंपनीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मागच्या आवारातल्या रिकाम्या क्रेटसारखे ते आपोआप साठतात. एक उचलायला जावं तर वरचे चार अंगावर येतात. त्यातून गेलं वर्ष असं गेलं की कुणाचं बूड म्हणून एका जागी टेकलं नाही. मी सेल्सचा माणूस, मला तशीही खुर्ची टोचते. पण गेल्या वर्षी अख्ख्या कंपनीलाच टोचत होती!

तर आमची सोड्याची कंपनी, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. जिरा सोडा, लेमन, ऑरेंज. एके काळी बोरिवलीतल्या लग्नात आमची बाटली नसली तर वऱ्हाडी नावं ठेवायचे. मग टपरीवरची पोरं एनर्जी ड्रिंक मागायला लागली आणि आमचे टेम्पो अर्धे भरलेले परत यायला लागले.

मालक अप्पा. त्यांची मुलगी मुग्धा पवईतली चांगली नोकरी सोडून आली आणि म्हणाली, "अप्पा, आपणही एनर्जी ड्रिंक काढू. या उन्हाळ्यात काढलं नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात गेटला कुलूप."

अप्पा म्हणाले, "बघू."

आता अप्पांच्या ‘बघू’चा अर्थ आमच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. पगारवाढ? बघू. ऑफिसला एसी? बघू. तो एसी अजून यायचाय! मी मुग्धाला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, बघू म्हणजे नाही."

"नाही म्हणाले का? नाही म्हणाले नाहीत ना? झालं तर मग, राणेकाका!"

आणि तिने कॅन भरायचं मशीन बुक केलं.

*

पहिली मारामारी नावावरून. अंधेरीच्या एका एजन्सीतून दोन पोरं आली. एकाच्या हातात लॅपटॉप, दुसऱ्याच्या कानात बाळी. त्यांनी नाव आणलं ‘झटका’. एकदम रॉ आहे म्हणे!

प्लांट सांभाळणारे आमचे तावडे, कुडाळचे. ते म्हणाले, "गो बाय, पिऊन खराच कोणाक झटको इलो तर?"

मुग्धाने ऐकलं नाही. मी बोरिवलीच्या एका जुन्या दुकानदाराला नाव सांगून बघितलं. तो गल्ल्यावरून मानही वर न करता म्हणाला, "झटका? हार्टचा की लाइटचा?"

झटका गेला. शेवटी ‘तरतरी’ ठरलं. बाळीवाला कुरकुरला, "सर, तरतरी ऐकून टार्टर सॉस आठवतो."

तावडे म्हणाले, "तुझ्या सॉसाची माका ओळख नाय. माका सकाळची च्या आठवता."

*

मग चवीच्या ट्रायल सुरू झाल्या. सगळ्या ऑफिसला कपात ओतून द्यायचे आणि मत विचारायचे. अकाउंट्सच्या फिलोमिनाबाई मढच्या, शांत बाई. त्यांना फुकट गेलेलं बघवत नाही, म्हणून ज्यांनी कप अर्धवट ठेवले त्यांचेही त्यांनी संपवले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांची तुंबलेली कामं आटोपली. मग त्यांनी डिस्पॅचचं कपाट लावलं. मग पंखे पुसले. मी फोनवर बोलत होतो, तर मला उठवलं, "ए राणे, ऊठ ना रे, खुर्चीच्या खालचं राहिलंय!"

शेवटी त्या अप्पांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि टेबलाचे ड्रॉवर जमिनीवर उलटे करून बसल्या. अप्पा दाराशी आले आणि हळूच म्हणाले, "हिला कुणीतरी ताक द्या रे."

*

तावड्यांची गोष्ट वेगळी. हयात सोड्यात गेलेली, त्यांची एकच परीक्षा: ढेकर. बाटली प्यायची, डोळे मिटायचे, थांबायचं. ढेकर खणखणीत आला की माल पास!

तरतरीचा कॅन प्यायले आणि डोळे मिटून बसले. आम्ही सगळे उभे. ढेकर काही येईना. मुग्धा वैतागली, "काका, यात गॅस कमीच असतो. याने ढेकर नाही, एनर्जी यायची असते."

तावड्यांनी एक डोळा उघडला. "ता खरा गो. पण एनर्जी इली ह्या कळतला कसा? ढेकर इलो तर आवाज तरी येता!"

*

जाहिरातीचं शूटिंग मढच्या एका बंगल्यात होतं. हिरोने तरतरी प्यायची आणि कंपाउंडवरून उडी मारून समुद्राकडे धावत सुटायचं, एवढंच. हिरो दिसायला झकास! पण दुसऱ्या कुठल्या तरी शूटिंगवरून थेट आलेला. लाइट लागेपर्यंत खुर्चीवर टेकला तो गेलाच. हातात कॅन आणि तोंड उघडं.

मुग्धा येरझाऱ्या घालत होती. भाड्याचा बंगला, उतरत चाललेलं ऊन, आणि हा घोरतोय! ती मेकअपमनवर ओरडली, "अहो, त्याला आपला एक कॅन पाजा ना!"

मेकअपमन म्हणाला, "मॅडम, पाजला ना. तो पिऊनच झोपलाय!"

*

मुलुंडला कबड्डीच्या स्पर्धेत सॅम्पल वाटायची कल्पना माझी. विक्री नाही, नुसती चव. मैदानावर टेबल मांडलं, बॅनर लावला, पोरं घामाघूम होऊन रांगेत उभी. तेवढ्यात त्यांचे कोच आले. चष्मा लावला आणि कॅनवरची बारीक सूचना मोठ्याने वाचायला लागले.

"लहान मुलं, गरोदर स्त्रिया, कॅफिन न सोसणारे आणि खेळाडू यांच्यासाठी नाही. अहो राणे, मग राहिलं कोण?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही घ्या ना. तुम्ही कुठे खेळता, नुसती शिट्टी तर मारता!"

टेबल आवरायला त्यांच्याच पोरांनी मदत केली.

*

आणि मग उन्हाळा आला. ऊन असं की माणसाने दिसेल ते प्यावं. आमचं गोडाऊन तरतरीने छतापर्यंत भरलेलं, टेम्पो भरून गेटच्या आत ओळीने उभे, आणि बाहेर एक कॅन जात नव्हता.

कारण कंपनीची रीत. नवीन माल विक्रीला निघण्याआधी पहिला घोट मालकाने घ्यायचा, आवारात, सगळ्यांसमोर. लेमनच्या वेळी अप्पांनी घेतला होता, ऑरेंजच्या वेळी घेतला होता. त्याशिवाय आमचा एकही ड्रायव्हर गाडीला चावी लावत नाही. मुग्धा रोज सकाळी कॅन घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जायची आणि रोज तसाच घेऊन परत यायची.

"काय म्हणाले?"

"बघू."

एकदा जिन्यात मला म्हणाली, "काका, माझ्यामुळे कंपनी बुडाली असंच म्हणतील ना सगळे?" मी नाही म्हटलं. पण मनात आलं, तिचं सोडा, या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार होतं?

एका सकाळी तिचा संयम सुटला. अप्पा गाडीतून उतरले तशी ती कॅन घेऊन आवारातच आडवी उभी राहिली. ड्रायव्हर, प्लांटवरची माणसं, फिलोमिनाबाई, सगळे बाहेर आले.

"अप्पा, हो म्हणा नाहीतर सरळ नाही म्हणा. पण आज बघू म्हणायचं नाही!"

अप्पा म्हणाले, "डॉक्टरने माझा चहासुद्धा बंद केलाय. हे कसं पिऊ मी?"

"काय? कधी?"

"झाले बरेच महिने."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

अप्पांनी तिच्या हातातला कॅन घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत तिच्याच हातात ठेवला.

"पी."

"मी?"

"पी म्हणतो ना."

मुग्धाने कॅन उघडला. फेस तिच्या मनगटावरून खाली ओघळला. तिने घोट घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी कॅन खाली ठेवला नाही.

अप्पा माझ्याकडे वळले आणि खेकसले, "राणे, उभा काय राहिलास? मालकांनी घोट घेतलाय ना? टेम्पो काढ!"