बंद कसं व्हतं?

ज्या वस्तूला बटण आहे, ती वस्तू एक ना एक दिवस माणसाचा घास घेणार, यावर माझ्या दाजींचा जितका ठाम विश्वास होता तितका माझा कशावरच नाही. मी मूळचा अवसरी बुद्रुकचा. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या सासरी निमगाव साव्याला दूध संस्थेत सचिव म्हणून लागलो आणि पुढची कितीतरी वर्षं दाजींच्या शेजारच्या टेबलावर काढली. दाजी संस्थेत दुधाची फॅट तपासायचे. त्या वर्षांत मी त्यांच्याकडून काही शिकलो असेन तर ते घाबरणं. अजूनही पंख्याखाली आडवा होताना मी आधी त्याच्या हुकाकडे बघून घेतो.

नव्वद सालानंतर आमच्याकडे घरोघरी रंगीत टीव्ही, मिक्सर, कुकर असं एकेक यायला लागलं, आणि दाजींचा जीव दर दिवाळीला थोडा थोडा आकसत गेला. टीव्ही ते दारातून बघत. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, दोन्ही पायांत चपला. मालिकेतल्या सुनेचे हाल बघून त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं, पण बाहेरचा पाय आत यायचा नाही. मी एकदा म्हटलं, "दाजी, निदान चपला तरी काढा." तर म्हणाले, "फुटला म्हंजी चपला हुडकाया येळ मिळत न्हाई, पावणं." आक्कानं नारायणगावहून मिक्सर आणला त्या दिवशी त्यांनी सगळं घर रिकामं केलं. म्हाताऱ्या आईची बाज उचलून अंगणात आणली, शेळी सोडून दूर बांधली, कोंबड्या हाकलल्या. सगळी मोजदाद झाल्यावर आत डोकावून आक्काला म्हणाले, "आता कर चालू. पर तू बी भाईर ये." आक्का भडकली. "भाईरनं कशी करू? फुकर मारू का?" शेवटी शेंगदाण्याची चटणी वाटून होईपर्यंत दाजी अंगणात डोळे मिटून उभे राहिले. मी हसत होतो. पण मिक्सर थांबल्यावर त्यांनी आधी आक्काला हाक मारली आणि तिनं "काय?" म्हणून ओ दिल्यावर ते मटकन खाली बसले, तेव्हा माझं हसू जरा अडखळलं.

पुढे मोबाईल आले. मी त्यांना एक घेऊन दिला. तो त्यांनी कापडी पिशवीत घालून अंगणातल्या शेवग्याला टांगला. वाजला की पाच हात लांब उभं राहून ते झाडाकडे बघून ओरडायचे, "कोन हाय? घरात कुनी न्हाई!" फोन उचलायचं बटण काही ते दाबत नसत. पलीकडच्या माणसाला नुसती घंटा ऐकू यायची आणि इकडे दाजींनी सगळी हकीकत सांगून टाकलेली असायची.

गंमत म्हणजे, असल्या माणसाचा सल्ला घेतल्याशिवाय गावात कोणी काही विकत घेत नसे. पाण्याची मोटर असो, इस्त्री असो, लोक आधी दाजींकडे यायचे. कारण कोणत्या वस्तूनं कुठल्या गावात कुणाला कसा दगा दिला, हे त्यांना तोंडपाठ होतं. सगळं ऐकून घेऊन ते एकच प्रश्न विचारत, "बंद कसं व्हतं?" समोरच्याला उत्तर आलं नाही की सल्ला संपला. "चालू कसं करायचं ते दुकानदार सांगतूच की. त्यात त्याचा फायदा हाय. बंद कसं करायचं ते आपुन इचारायचं असतं."

आणि हाच माणूस रोज सकाळी संस्थेत बसून ॲसिडशी खेळायचा. तेव्हा फॅट काढायची म्हणजे काचेच्या नळीत जहाल ॲसिड मोजून घ्यायचं, त्यावर दूध सोडायचं, बूच लावून नळी हलवायची आणि हातानं फिरवायच्या चक्रात घालून गरगर फिरवायची. नळी हातात निखाऱ्यासारखी तापते. माझ्या पँटला त्या ॲसिडनं किती भोकं पाडली असतील, पण दाजींचा हात कधी हलला नाही. "याची भीती न्हाई वाटत?" असं मी विचारलं तर म्हणाले, "ह्याला बटन कुठंय?"

दोन हजार साल उलटून गेल्यावर संस्थेनं विजेवरचं फॅट मशीन घ्यायचं ठरवलं. कंपनीचा माणूस दाखवायला आला. गोरागोमटा, टाय लावलेला. अध्यक्ष, संचालक, आम्ही सगळे भोवती. दाजींनी खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, वायर कुठून कुठं जाते ते पाहिलं आणि विचारलं, "बंद कसं व्हतं?" तो हसला. "काका, बंद कशाला करायचं? हे चोवीस तास चालू राहतं!" सगळे हसले. मीही हसलो. दाजींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

मशीन आलं. अध्यक्ष म्हणाले, "उद्या सकाळपास्नं ह्याच्यावर काम. भाऊ, तुमच्याच्यानं व्हनार नसंल तर सांगा. दुसरा मानूस बघू, तुमी कॅन धुवा." दाजी जुन्या नळ्यांकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून ॲसिडचे दोन थेंब टेबलावर पडले, लाकूड चरचरलं, धूर निघाला. मी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. खरं सांगतो, त्या दिवशी मला मशीनची नाही, दाजींची भीती वाटली.

मी आक्काला सांगितलं. तिनं लगेच पेठला फोन लावला. पेठला हायवेलगत तिच्या दिराचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याचा उजवा हात मनगटापासून नाही. तरुणपणी गुरांचा चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला, एवढंच मला ठाऊक होतं. तो संध्याकाळच्या एसटीनं आला. दाजी गोठ्यात धारा काढत होते. ओसरीवर बसून त्यानं मला खालच्या आवाजात सांगितलं.

"कुट्टी नवीन व्हती. मी वीस वर्साचा, दादा माज्याहून दोन वर्सानं मोठा. मीच म्हनलं, कर चालू. माजा हात अजून आतच व्हता. त्यानं बटन दाबलं. मी वरडलो तसा तो बंद कराया धावला. तिथं दोन बटनं, हिरवं आन् तांबडं. घाबरून त्यानं परत हिरवंच दाबलं. परत परत हिरवंच दाबत ऱ्हायला."

गोठ्यातून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता.

"माज्या हाताचं मला इतकं न्हाई, पावणं. दोन म्हैन्यांत मी डाव्या हातानं जेवाया लागलो. पर दादा अजून तितंच उभा हाय."

आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं घरातला दिवा मीच लावते. त्यांनी कंदी बटनाला बोट लावलेलं मी बघितलं न्हाई."

सकाळी दोघे भाऊ बरोबरच संस्थेत आले. दारात दुधाची रांग लागलेली, तीस-पस्तीस माणसं, बाया. दाजी मशीनपुढे बसले. धाकटा समोर उभा राहिला. दाजी त्याला म्हणाले, "हात वर कर." त्यानं डावा हात वर केला आणि उजवी दुमडलेली बाहीही वर केली. दाजींनी रांगेकडे बघितलं. "सगळ्यांनी." कोणाला काही कळेना, पण त्या आवाजात असं काही होतं की एकेकानं कॅन खाली ठेवला आणि हात वर केले. अध्यक्षांनीही केले. एक म्हातारी किटली हातात घेऊन म्हणाली, "आरं, दूध सांडंल की!" दाजी म्हणाले, "सांडू द्या, मावशे." तिनं किटलीसकट हात वर केले. दरोडा पडावा तशी सगळी संस्था हात वर करून उभी.

मग त्यांनी मला विचारलं, "पावणं, बंद कसं व्हतं?"

या वेळी कोणी हसलं नाही. मी बोट दाखवलं. "हेच बटण. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद."

"येकच हाय?"

"एकच."

"मंग चुकायचं न्हाई," ते पुटपुटले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, परत पुढे केलं आणि डोळे उघडे ठेवून दाबलं. मशीननं टुंई केलं, हिरवे आकडे उजळले. त्यांनी लगेच परत दाबलं. आकडे विझले. मग परत चालू, परत बंद. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, हात दुखाया लागला रं."

दाजींनी वर बघितलं. "कंचा?"

धाकटाच आधी हसला, मोठ्यानं, आणि दाजी हसता हसता टेबलावर डोकं टेकवून रडायला लागले.

ते मशीन त्यांनी पुढे निवृत्त होईपर्यंत चालवलं. इतर कशाचीही भीती गेली नाही. टीव्ही ते शेवटपर्यंत उंबऱ्यावरूनच बघत. एक मात्र बदललं. ज्या भावाच्या घरी ते लग्नकार्याशिवाय कधी गेले नव्हते, त्याच्याकडे दर पंधरवड्याला जाऊ लागले. दुकानापुढच्या बाकावर दोघं बसून राहायचे, दाजी नेहमी धाकट्याच्या उजवीकडे, तुटक्या हाताच्या बाजूला. "काय बोलता एवढं?" असं मी एकदा धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, "काय न्हाई. गाड्या बघतो."

दाजी गेल्यावर काही महिन्यांनी मी पुण्याहून परतताना पेठला उतरलो. धाकटा बाकावर एकटाच बसला होता. मला बघून सरकला, बस म्हणाला. उजवीकडची जागा त्यानं मोकळीच ठेवली होती, म्हणून मी डावीकडे बसलो. चहा आला, निवला. आम्ही गाड्या बघत राहिलो.