गादीवाल्या मालकांचा वूफर

गादीच्या दुकानात त्यांना सगळे मालक म्हणत, कारण तसं म्हणायला त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. कापूस पारखणं, खोळी शिवणं, कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाला गोड बोलून वाटेला लावणं, पिकअपच्या हौद्यात गाद्या रचून दोर आवळणं, हे सगळं त्यांची बायको करायची. मालक गाडी चालवायचे. गाडी चालवणं हे काम नव्हे, तो हुद्दा आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि हुद्द्यावरचा माणूस दोराला हात लावत नाही.

केबिनमध्ये दोन सीटं, एक त्यांचं आणि एक तिचं. सकाळपासून शिलाई मशीनवर वाकलेली ती माल पोचवायला निघाली की त्या सीटवर पाठ टेकायची. तिच्या सबंध दिवसात पाठ टेकण्याची वेळ एवढीच. आणि पाठ टेकली की तिचं तोंड सुटायचं. धाकट्या जावेचं बाळंतपण, मशीनचा तुटका पट्टा, कापसात भेसळ करणारा व्यापारी, असं काहीबाही ती सांगत राहायची. मालक रस्त्यावर नजर ठेवून "हं" म्हणायचे. ते "हं" इतकं सरावाचं झालं होतं की ती गप्प बसल्यावरही एकदोनदा येऊन जायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण समोरच्या पाण्याच्या बाटल्या पोचवणाऱ्यानं आपल्या गाडीत वूफर बसवला. तो गल्लीत शिरला की मालकांच्या दुकानाचं शटर थरथरायचं. शटरपेक्षा मालक जास्त थरथरायचे. पाणी विकणाऱ्या माणसाच्या गाडीला एवढा दणका आणि आपल्या गाडीत मात्र खोकल्यासारखा वाजणारा डेक! त्यांची झोप उडाली. मित्रांना विचारलं, मेहुण्याला विचारलं, पंक्चरवाल्यालाही विचारलं. बायकोला विचारायचं राहून गेलं.

शेवटी ते गाडी घेऊन डेक बसवणाऱ्याच्या दुकानात गेले. डेकवाल्यानं मालकांना त्यांच्या सीटवर ऐसपैस बसवलं, मागेपुढे मापाचा टेप लावला आणि डोकं खाजवलं.

"मालक, वूफरचा खोका सीटमागेच जाणार. तुमच्या मागे लावला तर सीट पुढे येईल, आणि पोट स्टिअरिंगला टेकेल. शेजारच्या सीटमागे लावू? तिथे कोण बसतं?"

"तिथे तसं कुणी नाही," मालक म्हणाले. "घरचंच माणूस असतं."

झालं. त्या सीटमागे ठेवलेले जाड दोर आणि ताडपत्री काढून डेकवाल्यानं आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात टाकले, ते तिथेच राहिले. प्लायवूडचा खोका स्क्रूनं घट्ट बसला. वाजवून पाहिला तर मालकांच्या बरगड्यांत असा घुमला की त्यांना भरून आलं. लग्नातही त्यांना एवढं भरून आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका वसतिगृहाच्या गाद्या पोचवायच्या होत्या. बायकोनं दोर शोधले, ते मिळाले नाहीत. शेवटी सुतळ्यांचे तुकडे जोडून तिनं गाद्या बांधल्या आणि ती केबिनमध्ये चढली. खोक्यानं सीटची पाठ पुढे ढकलली होती. टेकायला जावं तर हनुवटी थेट डॅशबोर्डवर.

"अहो, मी बसायचं कसं?"

"ताठ बसायचं. ताठ बसलं की कण्याला बरं असतं."

"मग तुमच्या कण्यामागे का नाही लावला?"

"गाडी कोण चालवतं?" मालकांनी विचारलं. या प्रश्नावर आजवर कुणाला उत्तर सुचलं नव्हतं.

ती खाली उतरली, मागे गेली आणि हौद्यात गाद्यांवर जाऊन बसली. तिला राग आला होता. त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. माप घेताना आपण कुणालाच आठवलो नाही, हे तिच्या मनाला फार लागलं.

मालकांना मात्र केबिन एकदम मोठी वाटली. त्यांनी गाणं लावलं. आवाज आला, पण दणका काही येईना. त्यांनी बटणं पिळली, खोक्याला हातानं थोपटलं. मग मनाची समजूत घातली की नवा माल आहे, तापायला वेळ लागतो.

आणि खरोखरच, पूल ओलांडल्यावर वूफर तापला. पाठीमागून धप-धप, धप-धप असा दणका सुरू झाला. गाण्याच्या तालात तो तितकासा बसत नव्हता, पण मालकांनी ते नव्या तंत्राच्या खात्यावर टाकलं. ते मान डोलवू लागले. दणका वाढला, तशी मान जोरात डोलू लागली. शेजारून एक स्कूटरवाला हात हलवत काहीतरी ओरडत गेला. आहे बुवा कदर करणारं माणूस, असं म्हणून मालकांनी त्याला अंगठा दाखवला. त्यानं कपाळावर हात मारला. मालकांना तीही दादच वाटली.

सिग्नलला गाडी थांबली. स्कूटरवाला पुन्हा खिडकीशी आला. तो काय कौतुक करतोय ते नीट ऐकू यावं, म्हणून मालकांनी गाणं बंद केलं.

गाणं बंद झालं. दणका चालूच राहिला.

धप-धप. धप-धप.

हा दणका त्यांच्या ओळखीचा होता. गाडी मागे घेताना बायको केबिनच्या पत्र्यावर अशाच थापा मारायची. एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन थापा म्हणजे थांबा.

"अहो, मागे त्या बाई केव्हाच्या ओरडतायत!" स्कूटरवाला म्हणाला. "गाद्या पडल्या रस्त्यात! आणि तुम्ही अंगठे काय दाखवताय?"

मालकांनी गाडी कडेला घेतली आणि धावत मागे गेले. सुतळी तुटून लोंबत होती. उरलेल्या गाद्यांवर ती पालथी पडली होती, एका हातानं त्या दाबून धरलेल्या, दुसरा हात अजून पत्र्यावर. तळवा लालबुंद झाला होता, घसा बसला होता. खोक्याची वायर तर स्पीडब्रेकरच्या पहिल्याच धक्क्याला निघाली होती आणि सीटखाली निवांत लोळत होती.

स्कूटरवाल्याला घेऊन मालक मागे गेले आणि पडलेल्या गाद्या खांद्यावरून उचलून आणल्या. त्यातल्या एकीवरून टायर गेला होता. स्कूटरवाला गेल्यावर तिनं बसक्या आवाजात विचारलं, "मी एवढ्या थापा मारल्या. ऐकू नाही आल्या?"

खोटं बोलायची त्यांना चांगली सवय होती, पण या वेळी जमलं नाही.

"आल्या," ते म्हणाले. "मला वाटलं वूफर वाजतोय. छान वाटत होतं."

मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पटकन केबिनचं दार उघडलं.

"चल, तू माझ्या जागेवर... नाही, म्हणजे, मी आजच तो खोका उपटून टाकतो. तोवर जरा अडचणीत बस. ये पुढे."

"नको," ती म्हणाली. "मागच्या काचेतून बघत होते मी. तुमच्या शेजारी बसून इतकी वर्षं बोलले, पण कधी मान हलली नाही. आज काय डोलत होती! मी इथेच बरी."

आणि तिनं गाद्यांवर पाठ टेकली.

मालकांनी गाडी काढली, अगदी हळू. डेक बंद होता, दोन्ही काचा खाली होत्या. मागून जराही आवाज आला की ते ब्रेक दाबायचे आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचे, "काही म्हणालीस का?"

ती काहीच म्हणाली नव्हती.