मागे घेतलेली निविदा

मंगळवार पेठेत माझ्या घरासमोर जयसिंगचं वर्कशॉप आहे. शाळांसाठी लोखंडी बाक बनवतो. मला नीट लिहिता येतं असं नाही, पण त्याच्या त्या दुपारचं कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटत राहिलं.

मुरगूडचा जोतीराम हा त्याचा वीस वर्षांचा प्रतिस्पर्धी. जयसिंग जो दर भरेल त्याहून दोन रुपये कमी भरायचे, हा त्याचा नेम. पण या वर्षी आठ हजार बाकांची निविदा निघाली. एकट्याला झेपणारी नव्हती. दोघांनी मिळून भरायला अटींत परवानगी होती, म्हणून स्टॅम्पपेपरवर करार करून त्यांनी एकत्र निविदा भरली.

शेवटच्या दिवशी दुपारी दोनला जोतीराम खुशीत जयसिंगच्या वर्कशॉपात आला. मी तिथेच बसलो होतो.

"तीन निविदा न्हाय आल्या तर रद्द करत्यात. म्हणून माझ्या एकट्याच्या नावानं चढ्या दराची आणि एक टाकलीया. आपल्या धंद्यात पद्धतच हाय की!"

जयसिंगची मुलगी दीक्षा वकील आहे. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"जोतीकाका, मिळून भरलं त्यात गुन्हा न्हाय, सगळं उघड हाय. पण नुसती स्पर्धा दाखवायला दुसरी टाकली, हे संगनमत झालं. दोघंबी काळ्या यादीत जाशीला. वर दंड."

जयसिंगने आत वेल्डिंग करणाऱ्यांकडे बघितलं. त्याच्याकडे अकरा माणसं कामाला आहेत.

"वीस वर्षं भांडून जमलं न्हाय, आता मदत करून मारतोस व्हय रं?"

तीनपर्यंत ती दुसरी निविदा मागे घेता येत होती. पण त्यासाठी कॉम्प्युटरला लावायचा डिजिटल सहीचा डोंगल मुरगुडात, जोतीरामच्या घरच्या कपाटात. जोतीरामने सुनेला, स्वप्नालीला, फोन लावला. स्पीकरवर.

"मामा, पासवर्ड सांगा."

जोतीरामने जयसिंगकडे चोरून पाहिलं.

"मामा, वीसच मिनिटं हायत!"

"जयसिंगला पाड," तो खाली बघत म्हणाला. "इंग्रजी अक्षरांत. सलग."

कुणी हसलं नाही. घड्याळ पुढे सरकत होतं. तीनला चार मिनिटं असताना फोनमधून आवाज आला, "घेतली मागं! पावती आलीया."

मग मात्र जयसिंग असा हसला, की वेल्डिंगवाले काम थांबवून बघायला आले.

एकत्र निविदेचा निकाल अजून यायचा आहे. पण त्या दिवशी जयसिंगने जोतीरामला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मलाही बसवलं. मी सहसा कुणाकडे जेवत नाही.